शाळेच्या दाराबाहेरची मुले
(पनवेल येथील व्याख्यानाचा गोषवारा)



पनवेलमधील 'बेथ एल' हे बेने इस्रायलींचे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे. तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी ते बंद ठेवणारा हा समाज; म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. ख्रिस्ती मिशनविषयी बोलताना आरंभ यहुद्यांपासून कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे.

१८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. मराठी शिकून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा काढल्या. पुढे त्या कोकणपट्टीतही पोहोचल्या. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ साली आले. त्यांनी तर हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. गरीब बेने इस्रायलींनी ही विद्या आनंदाने घेतली आणि तिच्या बळावर ते स्वतःच्याच धर्मग्रंथाकडे वळले. बाप्तिस्मा घेणारे अगदी विरळा.

नगरला निराळे घडले. तेथे १८३१ साली अमेरिकन मिशनचे ठाणे बसले. ना. वा. टिळकांसारख्या कवीचे १८९५ सालचे धर्मांतर गाजले खरे, पण मिशन वाढले ते विद्वानांच्या बळावर नव्हे. गावकुसाबाहेरील महार-मांग कुटुंबांमुळे. १८७६-७८च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला. भुकेल्याला अन्नाबरोबर पंथ देणे ही निर्भेळ सेवा नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु ज्या पोराची सावलीही गावाला चालत नव्हती, त्याला पाटीवर अक्षर गिरवू देणारे त्या खेड्यांत दुसरे कोण होते? आक्षेप घेणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

जोतीराव फुल्यांनी नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली. परत येऊन त्यांनी टीकालेख लिहिला नाही. १८४८ साली पुण्यात स्वतः शाळा काढली. ते ख्रिस्तीही झाले नाहीत.

आता पनवेलकडे. दिवाळी सरली की तालुक्यातील कातकरी वाड्या ओस पडू लागतात. कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मुलेही जातात. पटावर नाव असते, मूल भट्टीवर असते. त्यांच्यात जाऊन कोणी प्रार्थनासभा घेतली की आपल्याकडे संतप्त बैठका होतात. भट्टीवरच्या मुलाची चौकशी मात्र त्या बैठकीत क्वचितच होते. त्याला वाडीवरच ठेवून शिकवायचे, तर राहण्या-जेवण्याची सोय आणि सांभाळणारे माणूस दसऱ्यापूर्वी सिद्ध हवे. त्यानंतर मूल हाती लागत नाही.