चेनची जबानी



मुंबईच्या गिरणगावातील लालबाग-परळच्या अंगाने जाणाऱ्या आंबेडकर मार्गावर सकाळच्या प्रहरी मोटारसायकलींची जी रीघ लागते, तिच्यात कान देऊन उभे राहिले असता, इंजिनांच्या एकसुरी घरघरीखालून मधूनच एक निराळा, ठरावीक अंतराने परत येणारा खरखराट ऐकू येतो. आणि ज्याच्या वाहनातून तो येत असतो त्या गृहस्थास बहुधा एवढेच ठाऊक असते की, चेन नुकतीच ताणून घेतली होती आणि तरीही ती कोठे सैल, कोठे घट्ट लागते. गॅरेजात फिर्याद गेली की निकाल तत्काळ मिळतो : "चेनसेट गेला, बदलून टाका." हा निकाल पुष्कळदा चूक नसतो, पण तो तपासावाचून दिलेला असतो, आणि मूळ कारण जागच्या जागी राहिल्यामुळे नवा चेनसेटही मुदतीपूर्वीच त्याच वाटेने जातो. चेन सर्वत्र सारखी झिजली तर ते तिचे वय म्हणावे. असमान झिजली तर ती कोणाविरुद्ध तरी साक्ष देत असते. ती जबानी कशी नोंदवावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

गिरणगावाच्या श्रोत्यांना एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८७९ साली, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स रेनोल्ड या अभियंत्याने मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड येथे, कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनविणारा एक लहानसा कारखाना विकत घेतला. आणि पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, पिनेभोवती बुश आणि बुशाभोवती रोलर अशा रचनेची जी साखळी त्याने सिद्ध केली, तीच आज आपल्या सायकलींच्या आणि फटफटींच्या चाकांस गती देत आहे. चेन 'ताणली' असे आपण म्हणतो, परंतु तिच्या पोलादी पट्ट्या सहसा ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश एकमेकांवर घासून प्रत्येक सांध्यात केसभर पोकळी निर्माण होते, आणि शंभरावर सांध्यांतील या पोकळ्यांची बेरीज म्हणजे चेनची वाढलेली लांबी. आपल्याकडील बहुसंख्य मोटारसायकलींना लागणाऱ्या ४२८ क्रमांकाच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. तेव्हा वीस कड्यांची लांबी नव्या चेनमध्ये २५४ मिलिमीटर भरते, आणि तीच २५९ च्या घरात गेली की दोन टक्के वाढ होऊन चेनचे आयुष्य संपले असे समजावे. ही मोजणी मात्र चेन ताठ धरून तीन-चार निरनिराळ्या ठिकाणी करावी. सर्वत्र सारखाच आकडा आला तर दोष कोणाचाही नाही. एके ठिकाणी २५५ आणि दुसरीकडे २५९ आला, की खऱ्या तपासाला आरंभ होतो.

ढिलेपणा पाहण्याची जी रूढ रीत आहे, ती मला मुळातच सदोष वाटते. गाडी स्टँडवर घ्यावयाची, चेनच्या खालच्या पट्ट्याला मध्यभागी बोट लावून ती वरखाली हलवावयाची, वीस-पंचवीस मिलिमीटर हलली की समाधान मानावयाचे. आणि स्प्लेंडरसारखी, जिची चेन बंद कव्हरात असते अशी गाडी असेल तर कव्हराचे रबरी बूच काढून त्या भोकातून जेवढे दिसेल तेवढ्यावरच निवाडा करावयाचा. वास्तविक इंजिन बंद ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन, चाक हाताने थोडे थोडे फिरवीत चेनची एक पूर्ण प्रदक्षिणा होईपर्यंत जागोजाग ढिलेपणा पाहिला पाहिजे. (इंजिन चालू ठेवून चाकाजवळ बोटे नेणारे कारागीर मी पाहिले आहेत, त्यांचे धाडस अनुकरणीय नाही.) असमान झिजलेली चेन एके ठिकाणी पंधरा, तर दुसरीकडे पस्तीस मिलिमीटर हलते. फिटरने योगायोगाने सैल भागावर बोट ठेवून तेथे ती कसली, की घट्ट भाग फिरून येताच चेन ताठ होऊन गिअरबॉक्सच्या शाफ्टाचे आणि मागच्या चाकाचे बेअरिंग ओढू लागते. आणि मग चेनचा किरकोळ दावा हजारांच्या फिर्यादीत रूपांतरित होतो. सबब ढिलेपणा नेहमी सर्वांत घट्ट जागी मोजून ठरवावा, मग इतरत्र चेन किंचित अधिक हलली तरी चालेल.

आता हा घट्टपणा चेनचा की तिला फिरविणाऱ्या दातेरी चक्राचा, म्हणजे स्प्रॉकेटचा, याचा इन्साफ खडूच्या दोन खुणांनी होतो, आणि या संपूर्ण विद्येतील मला सर्वांत रम्य वाटणारा भाग हाच. एक खूण टायरवर करावी, दुसरी चेनच्या एका कडीवर. समजा, पुढच्या स्प्रॉकेटला १४ दाते आहेत, मागच्याला ४२, आणि चेनला १०६ कड्या. चाकाच्या एका फेऱ्यात ४२ कड्या पुढे सरकतात. म्हणजे चेनची स्वतःची प्रदक्षिणा पुरी होण्यास चाकाला अडीचाहून किंचित अधिक फेरे घ्यावे लागतात, आणि पुढचे स्प्रॉकेट तर चाकाच्या एका फेऱ्यात तीनदा फिरते. घट्ट जागा चेनवरील खुणेबरोबर परत येत असेल तर कसूर चेनच्या त्या भागाची. टायरवरील खुणेबरोबर प्रत्येक फेऱ्यास येत असेल तर मागचे स्प्रॉकेट वाकडे बसले आहे, त्याचे बोल्ट सैल आहेत, किंवा हबमधील धक्के झेलणारी रबरे निकामी झाली आहेत. चाकाच्या एका फेऱ्यात तीनदा येत असेल तर पुढच्या स्प्रॉकेटवर किंवा त्याच्या शाफ्टावर संशय घ्यावा. कधी दोन कसूरवार संगनमत करतात : चेनचा घट्ट भाग आणि स्प्रॉकेटचा उंच भाग एकत्र आले की चेन करकचते, ते दूर सरले की काही फेरे सारे निर्वेध चालते, आणि अशी गाडी गॅरेजात नेली की नेमकी तेथे ती निर्दोष ठरते.

झीज आडवी असेल तर प्रकरण निराळे. स्प्रॉकेटचे दाते एकाच बाजूने चकाकत असतील, चेनच्या आतल्या पट्ट्या एका अंगाने घासल्या असतील, तर मागचे चाक सरळ रेषेत नाही. चेन कसताना दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरविले, त्यांवरील खुणा जुळविल्या, की चाक सरळ झाले असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु त्या खुणा कारखान्यातून तंतोतंत उमटून येतातच असे नाही. मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या खिळीच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने माप घ्यावे, अथवा दोन्ही चाकांलगत सुतळी ताणून पाहावे. मागे बसून चेनवरून पुढे नजर टाकली तरी वाकडेपणा पुष्कळदा उमगतो. माप बरोबर येऊनही चेन तिरकीच धावत असेल, तर स्विंगआर्मचे बुश हलवून पाहावेत.

एका खोट्या साक्षीपासून मात्र सावध राहावे. कधी कधी दात एकाआड एक घासलेले दिसतात आणि मालक धास्तावतो. चेनमध्ये अरुंद आतली आणि रुंद बाहेरची अशा कड्या आलटून पालटून येत असल्याने तिच्या कड्यांची संख्या समच असते. स्प्रॉकेटच्या दात्यांची संख्याही सम असेल, तर ठरावीक दाते नेहमी अरुंद कड्यांतच शिरतात आणि त्यांच्याच कडा अधिक घासतात. १३ किंवा १५ दात्यांच्या स्प्रॉकेटवर हा प्रकार होत नाही. तेथे प्रत्येक दात्याची पाळी दोन्ही कड्यांवर येते.

आपल्या भागातील पावसाळा या कामी मोठा गुन्हेगार आहे. हिंदमाता चौकात पाणी चढले असता कडेला उभ्या राहिलेल्या गाडीच्या चेनचा खालचाच पट्टा पाण्यात बुडाला, तर पाणी ओसरल्यावर गंज तेवढ्याच कड्यांत धरतो, त्या कड्या वळण्यास नाखूश होतात, आणि चेनमध्ये घट्ट भाग अस्तित्वात येतो. गिरगाव चौपाटीची खारी हवा हेच काम सावकाश करते. अशी कडी हाताने दुमडली तर वाकडीच राहते, म्हणून ती सहज सापडते. रॉकेलने धुऊन, पुसून, ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडावे. उघड्या चेनला ग्रीस फासले तर धूळ चिकटून तिचाच सहाणेसारखा उपयोग होतो, आणि इंजिनातून काढलेले काळे तेल लावणे ही काटकसर नव्हे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेच्या दिवशी गिरगावात नऊवारी नेसून बुलेटवर निघणाऱ्या स्त्रियांना पहिल्या गिअरमध्ये गाडी हिसके देत असल्याचे जाणवले, तर त्यांनीही पाडव्यानंतर ही तपासणी करावी. मंद चालीत ढिली चेन आपले अस्तित्व फार स्पष्टपणे कळविते.

चेन ॲडजस्टरच्या शेवटच्या खुणेपर्यंत गेली की दोन कड्या काढून ती पुन्हा कसण्याची एक युक्ती काही ठिकाणी चालते. तिला माझी सक्त हरकत आहे. लांबी कमी झाली तरी प्रत्येक सांध्यातील झीज कायमच राहते, आणि अशी चेन दात्यांच्या टोकांवर चढू पाहते. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहावी; अर्धा दात उघडा पडला, किंवा दात एका दिशेस आकड्यासारखे वळलेले दिसले, तर पुढचे स्प्रॉकेट, मागचे स्प्रॉकेट आणि चेन असा पुरा सेट बदलावा, तोही कसूर शोधून दुरुस्त केल्यावर. पुढच्या स्प्रॉकेटला दाते थोडे असल्याने त्याच्या प्रत्येक दात्यावर मागच्याच्या तिप्पट वेळा भार येतो. तरीही कव्हराखाली दडलेले असल्यामुळे बदलण्याच्या यादीतून नेमके तेच वगळले जाते. नव्या चेनला जोडणारे लॉक बसविताना क्लिपचे बंद टोक चेनच्या चालीच्या दिशेस असावे, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर खडू घेऊन पुन्हा एकदा चाक फिरवून पाहावे.