इन्युइटांचे भूमिहक्क करार आणि त्यांचे कायदेशीर बळ



राज्यसंस्थेने आदिवासी समाजाशी केलेला करार हे केवळ आश्वासन असते, की तो राज्यसंस्थेलाही बांधून ठेवतो? या प्रश्नाच्या संदर्भात कॅनडातील इन्युइट जनतेचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे.

उत्तरेकडील हिमप्रदेशात शिकार व मासेमारी यांवर जगणाऱ्या या लोकांशी कॅनडाच्या राज्यकर्त्यांनी पूर्वी तहच केलेले नव्हते. पिढ्यानपिढ्यांची वहिवाट होती; कागद नव्हता. १९७३ साली निसगा जमातीच्या कॅल्डर खटल्यात, असा वहिवाटीचा भूमिहक्क कायद्याला मान्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयातील बहुसंख्य न्यायमूर्तींनी म्हटले. निसगा तो खटला हरले. परंतु सरकारला वाटाघाटींना बसणे भाग पडले. त्याच वर्षी जेम्स बे येथील जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध क्री व इन्युइट यांनी मनाई हुकूम मिळविला. तो आठवड्याभरात स्थगित झाला; तरीही त्या लढ्यातूनच १९७५ चा करार निर्माण झाला.

या करारांना खरे बळ दिले ते संविधानाने. १९८२ च्या संविधान कायद्यातील ३५ व्या कलमाने आदिवासींचे विद्यमान हक्क व तहांतील हक्क मान्य केले. भूमिहक्क करारांतील हक्क हेही तहांतीलच हक्क होत, असे १९८३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. त्यामुळे संसदेतील साध्या बहुमताच्या जोरावर हे हक्क पुसून टाकता येत नाहीत. त्यांना बाधा आणणाऱ्या सरकारला न्यायालयात तिचे समर्थन करावे लागते. १९९३ च्या नुनावुट करारात तर असे कलमच आहे की, कायदा आणि करार यांत विसंगती आढळल्यास विसंगतीपुरता करारच श्रेष्ठ ठरेल.

याची किंमत मात्र जबर होती. सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर भूमीची मालकी इन्युइटांना मिळाली. परंतु खनिजांचा हक्क त्यांपैकी जेमतेम छत्तीस हजार चौरस किलोमीटरांपुरताच. आणि त्या बदल्यात मूळ भूमिहक्क त्यांना कायमचा सोडून द्यावा लागला.

एवढे देऊनही अंमलबजावणी आपोआप झाली नाही. सरकारी नोकऱ्यांतील इन्युइटांच्या वाट्यासह अनेक कलमे रेंगाळली. अखेर २००६ साली इन्युइटांच्या संघटनेने केंद्र सरकारवर दावा लावला. २०१५ साली सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली.

क्लाइड रिव्हरचा खटला त्याहून बोलका आहे. समुद्रतळाखालील तेलाच्या शोधासाठी पाण्यात प्रचंड ध्वनिलहरी सोडण्याची परवानगी २०१४ साली ऊर्जा मंडळाने कंपन्यांना दिली. सागरी प्राण्यांवर, पर्यायाने आमच्या शिकारीवर, काय परिणाम होईल, असे गावकऱ्यांनी विचारले होते. उत्तरादाखल काही महिन्यांनी ३,९२६ पानांचा दस्तऐवज पुढे टाकण्यात आला. त्याचा अत्यल्प भागच त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत होता. याला सल्लामसलत म्हणता येत नाही, असे ठरवून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने परवानगी रद्द केली. एका लहानशा वस्तीने तेलशोधाचे काम थांबविले ते करारातील शिकारीच्या हक्काच्या आधारावर.

तेव्हा संविधानाने कराराला संरक्षण दिले, तरी ते संरक्षण प्रत्यक्षात आणण्यासाठी संघटना लागते, चिकाटी लागते आणि करारातील प्रत्येक कलम वाचून सत्तेला जाब विचारणारी माणसे लागतात. इन्युइटांनी ती उभी केली. हक्कांच्या चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याकडून शिकण्याजोगे आहे ते हेच.