उतरत्या थंडीतला पहाड

(कोलकात्यातील मराठी मंडळींसाठी भरलेल्या हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



माघ लागला की आपल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो : दार्जिलिंगला बर्फ पडेल का? न्यू जलपाईगुडीची तिकिटं काढायची आणि निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवर हवामान बघायचं. तिथे एक आकडा असतो, शेजारी ढगाचं चित्र. माझं आजचं सांगणं एवढंच की डोंगराच्या बाबतीत त्या एका आकड्यावर विसंबता येत नाही. पहाडाचा अंदाज उंचीसकट विचारायला हवा. आणि तो विचारण्याचं कारण बर्फाची मौज एवढंच नाही.

हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग पाडले आहेत. त्यातला एक उपहिमालयीन पश्चिम बंगाल आणि सिक्कीम. सिलिगुडी समुद्रसपाटीपासून जेमतेम १२० मीटरवर, दार्जिलिंग दोन हजारांच्या किंचित वर, सांदकफू ३,६३६ मीटरवर, नाथू ला ४,३०० च्या पुढे आणि सगळ्यांच्या डोक्यावर ८,५८६ मीटरचं कांचनजंगा. हे सारं एकाच उपविभागात! विदर्भही असाच एक उपविभाग; पण अकोल्याला आणि नागपूरला एकच अंदाज लावला तरी फार बिघडत नाही. इथे बिघडतं. उंची किलोमीटरभर वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. सिलिगुडीत दुपारी २४ अंश असतील, तर या हिशेबाने दार्जिलिंगला अकरा-बारा आणि सांदकफूला एखादाच अंश. एकाच ढगाळ दिवशी खाली तुरळक सर, मध्ये बोचरी रिपरिप आणि वर बर्फ, अशी तीन हवामानं मिळतात.

पहाटे तर हा हिशेबच उलटतो. जानेवारी-फेब्रुवारीत सिलिगुडीहून हिल कार्ट रोडने सकाळी वर निघालात, तर खाली तराईत गाडीचे दिवे लावावे लागतात. रात्री थंड झालेली जड हवा तळाशी साचते आणि धुकं धरते. तिनधारिया मागे टाकून कर्सियांगकडे चढू लागलं की धुकं एकाएकी संपतं, स्वच्छ ऊन लागतं, अंगावरची शाल नकोशी होते. खाली राहिलेल्या माणसापेक्षा वर गेलेला माणूस त्या घटकेला उबेत असतो. त्यामुळे अंदाजात उंचीबरोबर वेळही हवी.

आता बर्फ येतो कुठून ते पाहू. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूने, वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन ज्या हवेच्या लहरी येतात त्यांना आपण पश्चिमी विक्षोभ म्हणतो. इथली बंगाली वर्तमानपत्रं पश्चिमी झंझा म्हणतात. काश्मीर आणि हिमाचल त्यांच्यातलं बरंचसं बाष्प आधीच काढून घेतात. दार्जिलिंग-सिक्कीमपर्यंत पोचते ती बहुतेक कोरडी लहर. तिला इथे जोडीदार लागतो. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात जास्त दाबाचं क्षेत्र बसलेलं असलं, तर ते समुद्रावरची दमट हवा डोंगराकडे ढकलतं. लहर आणि ही दमट हवा एका वेळी जुळली तर बर्फ. एक जरी चुकली तर नुसतं आभाळ. पूर्व हिमालयात हिवाळ्यातला बर्फ बेभरवशाचा असतो तो यामुळे. इथल्या हिमनद्यांना बर्फाचा मोठा पुरवठाही पावसाळ्यातच होतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल.

कोलकात्यात बसूनही ही लहर ओळखता येते. उत्तरेचा वारा एकदम पडतो, पहाटेचा पारा दोन-तीन अंश चढतो, आणि शेजारीपाजारी म्हणू लागतात, चला, यंदाची थंडी संपली. नेमक्या त्याच वेळी वर पहाडात ढग दाटत असतात. लहर पूर्वेला सरकली की उत्तरेचा वारा परत येतो आणि स्वेटर पुन्हा बाहेर निघतात.

या विषयाशी आपल्या शहराचं नातं फार जुनं आहे, आणि मराठी माणसाचंही. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली ती इथे, कोलकात्यात. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. पाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. दख्खनमधली गावंच्या गावं त्यात उठली. सरकारने ब्लॅनफर्डकडे पावसाचा अंदाज मागितला. त्यांनी नजर लावली ती हिमालयावर. हिवाळ्यात आणि वसंतात तिथे बर्फ जास्त पडला, उशिरापर्यंत टिकला, तर पुढे कोरडे वारे वाहतात आणि मोसमी पाऊस मार खातो, असा सिद्धान्त त्यांनी १८८४ साली मांडला. १८८६ पासून खात्याचे नियमित मोसमी अंदाज सुरू झाले. सोलापूरच्या शेतकऱ्याचं पीक आणि हिमालयातला माघ-फाल्गुनातला बर्फ यांची सांगड घालण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न या शहरात झाला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

खात्याचं मुख्यालय पुढे सिमल्याला गेलं आणि १९२८ साली तिथून पुण्याला. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. आणि शंभर वर्षांनी ब्लॅनफर्डचा धागा पुन्हा एका पुणेकराने हातात घेतला. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली सोळा घटकांचं मोसमी पावसाचं जे प्रारूप वापरात आणलं, त्यात हिमालयातलं जानेवारी ते मार्चचं हिमाच्छादन हा एक घटक होता. २००२ साली अंदाज सामान्य पावसाचा होता आणि देशात १९ टक्के तूट पडली. त्यानंतर ते प्रारूप बदललं. बर्फ आणि पाऊस यांचं नातं ब्लॅनफर्डना वाटलं तितकं सरळ नाही, हे एव्हाना स्पष्ट झालं आहे. तरी डोंगरातल्या उतरत्या हिवाळ्याकडे साऱ्या देशाचा प्रश्न म्हणून पाहायला या दोघांनी शिकवलं, आणि ती शिकवण मला आजही खरी वाटते.

आपल्या मुलखाला पश्चिमी वाऱ्यांचा तडाखा थेटही बसतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात गारपीट झाली ती आठवा. वर थंड पश्चिमी वारे, खाली समुद्रावरून आलेली दमट हवा. काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं मातीत गेली. जोडी तीच. दार्जिलिंगला ती जमली तर आपण फोटो काढतो; बीड-लातूरला जमली की घरं उघड्यावर येतात.

आणि दार्जिलिंगकरांना तरी ती कशासाठी हवी असते? चहासाठी. थंडीत चहाची झुडपं निद्रिस्त असतात. फेब्रुवारीच्या अखेरीस पहिली कोवळी पालवी फुटते, तिची खुडणी म्हणजे फर्स्ट फ्लश. मळ्याला वर्षातला सर्वांत चढा भाव याच चहाला मिळतो. माघात दोन-चार हलक्या सरी झाल्या तर पालवी जोमाने येते. हिवाळा कोरडा गेला तर खुडणाऱ्या बायका टोपल्या घेऊन उभ्या आणि झुडपावर पान नाही. कोलकात्यात चहाचा लिलाव १८६१ पासून चालतो. पहाडातला कोरडा माघ तिथे एप्रिलमध्ये भावाच्या रूपाने दिसतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. दार्जिलिंग शहराची भिस्त आजही सिंचलच्या जंगलातल्या झऱ्यांवर आणि तिथल्या दोन तलावांवर आहे. ते बांधले १९१० आणि १९३२ साली, तेव्हाच्या चिमुकल्या गावासाठी. झऱ्यांचा मुख्य भरणा पावसाळ्यात होतो, पण हिवाळी सरी चुकल्या की टंचाई लवकर लागते. ज्या हॉटेलात आपण गरम पाण्याची बादली मागतो तिथे ते पाणी बऱ्याचदा टँकरने विकत आणलेलं असतं. सिक्कीमने २००८ पासून धारा विकास योजनेत उतारांवर चर आणि खड्डे खणून झरे जगवायला घेतले आहेत. दार्जिलिंगनेही ते मोठ्या प्रमाणावर करावं असं मला तळमळीने वाटतं.

जिवाच्या धोक्याबद्दल थोडक्यात. २८ डिसेंबर २०१८ ला नाथू ला परिसरात अचानक बर्फ पडला आणि अडकलेल्या सुमारे अडीच हजार पर्यटकांना लष्कराने बाहेर काढलं. ४ एप्रिल २०२३ ला नाथू लाच्याच रस्त्यावर हिमकडा कोसळून सात पर्यटक गेले. तारीख एप्रिलची आहे. खाली कोलकात्यात पंखे लागले म्हणून वर हिवाळा संपला असं कृपा करून धरू नका.

मग अंदाजावर भरवसा ठेवायचा किती? तीन ते पाच दिवसांचा अंदाज आज चांगला असतो, तो जरूर माना. दोन आठवड्यांचा अंदाज म्हणजे कल. तीन महिन्यांच्या अंदाजातून मोसम सरासरीपेक्षा ओला की कोरडा याची शक्यताच कळते. अमुक दिवशी बर्फ पडेल हे त्यातून काढू नये.

हवामान खात्याच्या अलीपूरच्या प्रादेशिक केंद्राकडे माझी एक मागणी आहे आणि आपण सर्वांनी ती उचलून धरावी अशी विनंती आहे. पहाडी जिल्ह्यांचा अंदाज तीन उंचींसाठी वेगळा द्यावा : हजार मीटरखाली, हजार ते अडीच हजार आणि त्याच्या वर. प्रत्येक पत्रकात शून्य अंशाची पातळी किती मीटरवर आहे तो आकडा ठळक छापावा. ही पातळी तीन हजारांवर असेल, तर दार्जिलिंगला निघालेल्या कुटुंबाने छत्री घ्यावी आणि सांदकफूला निघालेल्या पोरांनी बर्फातले बूट. ती अडीच हजारांच्याही खाली उतरणार असेल, तर दार्जिलिंगजवळच्या घूमच्या रस्त्यावर दव गोठू शकेल हे जीपवाल्यांना आदल्या संध्याकाळीच कळेल आणि पहाटे चारला सूर्योदयासाठी टायगर हिलकडे निघायचं की उजाडेपर्यंत थांबायचं हे त्यांना ठरवता येईल.