खाणावळींत आपलें मत



घरीं आमटींत मीठ कमी पडलें तर आपण पानावरच सांगतों. खाणावळींत मात्र आपली जीभ बांधली जाते. निमूटपणें चार घांस गिळावे, पैसे टाकावे आणि रस्त्यावर आल्यावर भेटेल त्याला सांगावें कीं तेथें जाण्यांत अर्थ नाहीं, ही आपली नेहमींची रीत. कांहीं लोक दुसऱ्या टोकाला जाऊन वाढणाऱ्या मुलावर ओरडतात. पहिल्या रीतीनें मालकाला दोष कळत नाहीं. दुसऱ्या रीतीनें ज्याचा दोष नाहीं त्याला शिक्षा होते. ह्या दोहोंहून निराळी अशी तिसरी एक रीत आहे. तिच्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मी पेशानें शाळामास्तर. उत्तरपत्रिका तपासतांना प्रत्येक प्रश्नाचे गुण वेगळे द्यावयाचे असतात. अक्षर वाईट म्हणून गणिताचे गुण कोणी कापीत नाहीं. खाणावळीचेही असेच चार प्रश्न मानावे: अन्न, स्वच्छता, वाढणी आणि हिशेब.

अन्नाच्या बाबतींत प्रथम चव आणि दोष ह्यांमध्यें भेद करावा. कोल्हापूरच्या मनुष्याला पुण्याची गूळ घातलेली आमटी गोडमिट्ट लागते, आणि पुणेकराचा घसा कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यानें भाजून निघतो. हा ज्याच्या त्याच्या सवयीचा प्रश्न आहे. त्यांत आचाऱ्याचा अपराध नाहीं. परंतु तळणाचें तेल काळें पडून खवट वास मारीत असेल, तर तो अपराधच होय. तेल पुनःपुन्हां तापविल्यानें त्यांत अपायकारक द्रव्यें वाढतात, आणि त्यांचें प्रमाण शेंकडा २५ च्या वर गेल्यास तें तेल वापरूं नये, असा नियम आपल्या देशांत १ जुलै २०१८ पासून लागू झाला. भाताचेंही तसेंच. भात शिजला तरी कांहीं जंतूंचीं बीजें त्यांत जिवंत राहतात. तो कोमट स्थितींत तासन् तास पडून राहिला तर ते जंतु वाढून विष तयार करतात, आणि तें विष पुन्हां तापविल्यानेंही जात नाहीं. म्हणून शिजलेलें अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम तरी ठेवावें, नाहीं तर ५ अंशांच्या खालीं गार तरी ठेवावें. तेव्हां कोमट भाताची तक्रार करणारास कोणी नाजूक म्हणूं नये.

स्वच्छतेचे गुण देण्यास भटारखान्यांत जाण्याची गरज नाहीं. टेबल ज्यानें पुसतात तें फडकें पाहावें, पेले कोणत्या पाण्यांत बुडवून काढतात तें पाहावें. अन्नाच्या परवान्याचा चौदा आंकडी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून पावतीवर छापणें आवश्यक झालें आहे. तो आहे कीं नाहीं हेंही एकदां पाहावें.

वाढणीच्या बाबतींत न्याय करणें सर्वांत कठीण. पोळी उशिरां आली म्हणजे आपण वाढप्यावर चिडतों. पण तवाच रिकामा असेल तर त्यानें वाढावें काय? तो आपल्या डोळ्यांपुढें असतो, एवढाच त्याचा गुन्हा. वाढणारा जर लहान मुलगा असेल, तर प्रश्न आणखी गंभीर होतो. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत व ढाब्यांवर कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. अशा मुलाला रागावण्यानें किंवा त्याच्या हातावर दोन रुपये ठेवण्यानें आपलें कर्तव्य संपत नाहीं. बालकांच्या साह्यासाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे, तेथें कळवावें.

चौथा प्रश्न हिशेबाचा. कांहीं मोठ्या उपाहारगृहांत पावतींत सेवाशुल्क म्हणून रक्कम परस्पर मिळविलेली असे. तें आपोआप मिळवूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं सांगितलें. दिल्ली उच्च न्यायालयानें २८ मार्च २०२५ रोजीं तें उचलून धरलें. बक्षिसी ही देणाराच्या खुषीची वस्तु आहे. द्यावयाची तर ती वाढणाऱ्याच्या हातांतच द्यावी.

असे गुण मनांत मांडले म्हणजे सांगावयाचें काय तें नेमकें कळतें. मग तें मालकाला, त्याच वेळीं आणि हलक्या आवाजांत सांगावें. नोकरीच्या पहिल्या वर्षीं एका तालुक्याच्या गांवीं मी महिन्याच्या खाणावळींत जेवीत असें. वीस तारीख उलटली कीं तेथील आमटी पातळ होई आणि भाजींत बटाट्यावांचून कांहीं सांपडत नसे. पुष्कळ मेंबर बाहेर पानाच्या दुकानापाशीं उभे राहून मालकाच्या नांवानें बोटें मोडीत. एके दिवशीं कचेरींतले एक वयस्क कारकून हात धुऊन गल्ल्यापाशीं गेले आणि म्हणाले, "अण्णा, चार दिवस झाले, आमटींत डाळ लागत नाहीं. अडचण काय आहे?" मालकांनीं उत्तर न देतां वही पुढें सरकविली. एकवीस मेंबरांपैकीं नऊ जणांचे मागील महिन्याचे पैसे आले नव्हते, आणि वाण्यानें डाळ उधार देणें थांबविलें होतें. कारकुनांनीं ती नांवें बाहेर कोणाला सांगितलीं नाहींत. त्यांनीं आपले पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ मोजले, आणि पैसे पांच तारखेच्या आंत द्यावे अशी पाटी भिंतीवर लावावयास सुचविलें. पुढच्या महिन्यांत आमटी दाट झाली. पानाच्या दुकानापाशीं महिनोन् महिने बोलून जें साधलें नव्हतें, तें एका प्रश्नानें साधलें.

खाणारा आणि खाऊं घालणारा ह्यांचें नातें केवढें असूं शकतें, हें मुंबईच्या गिरणगांवानें दाखविलें आहे. कोंकणांतून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार तेथें बायांनीं चालविलेल्या घरगुती खाणावळींत जेवीत. संपांत पगार बंद पडले असतांही ह्या बायांनीं त्यांना उधारीवर जेवूं घातलें आणि स्वतःवर कर्ज करून घेतलें. अशा बायांना सावकाराऐवजीं बँकेचें कर्ज मिळावें म्हणून प्रेमा पुरव ह्यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. ताटाची किंमत मोजून दिली म्हणजे व्यवहार पुरा झाला, असें अशा ठिकाणीं कोण म्हणेल?

म्हणून शेवटीं एवढेंच सांगतों. दोष जसा नेमका सांगावा, तसा गुणही नेमका सांगावा. भाकरी चांगली झाली असेल तर गल्ल्यापाशीं क्षणभर थांबून तसें म्हणावें, आणि तें आचाऱ्यापर्यंत पोहोंचवावयास सांगावें. दिवसभर चुलीपाशीं उभ्या असलेल्या त्या मनुष्याला परत आलेलें ताट तेवढें दिसतें. जेवून तृप्त झालेल्याचें तोंड कधींच दिसत नाहीं.