इंजिनाचं दळण

१ जूनला मासेमारी बंद झाली की मिरकरवाड्यापासून साखरीनाट्यापर्यंत होड्या किनाऱ्याला घेतल्या जातात, शाकारल्या जातात आणि मिस्त्र्याला ठरलेला प्रश्न विचारला जातो: इंजिन यंदा खोलायचं, की अजून एक हंगाम काढेल? उत्तर बहुधा वर्षांच्या हिशेबात निघतं. तीनच तर वर्षं झाली, चालेल! घोटाळा होतो तो इथेच. इंजिनाचं वय वर्षांत मोजता येत नाही, नुसत्या तासांतही पुरतं मोजता येत नाही. त्यानं किती डिझेल जाळलं, ते विचारा. आज मी एवढंच सांगायला बसलोय, आणि ते दोन-तीनदा सांगणार आहे.

घरातलं जातं घ्या. त्याला टाकी कधी लावायची, हे ते घरात कधी आलं यावर ठरत नाही. किती पायली दळलं यावर ठरतं. एकाच पाथरवटाकडची दोन जाती असली, तरी रोज मूठभर पीठ काढणाऱ्या घरातलं आणि पोत्यानं नाचणी दळणाऱ्या घरातलं एकाच वेळी बोथटणार नाही. आणि बोथटलं, की पीठच सांगतं. ते जाडं येऊ लागतं. इंजिनाचं दळण म्हणजे डिझेल, आणि जाडं पीठ म्हणजे एग्झॉस्टचा निळा धूर, ब्रीदरमधून जोरानं येणारी वाफ, दर फेरीला डिपस्टिकवर खाली उतरलेलं ऑइल. तरी आपण विचारणार, जातं कोणत्या साली घेतलं!

आता हिशेब. ३१ जुलैपर्यंतची बंदी सोडून दहा महिने उरतात. त्यातले २०० दिवस होडी बाहेर आणि दिवसाला १५ तास इंजिन चालू धरलं, तर वर्षाला ३,००० तास होतात. हौसेनं सुट्टीत फिरवायची बोट वर्षाला १०० तास चालली तरी पुष्कळ. म्हणजे आपलं तीन वर्षांचं इंजिन ९,००० तासांचं म्हातारं, आणि हौशी बोटीचं पंधरा वर्षांचं १,५०० तासांचं तरुण. पण तासांवरही विसंबू नका. शर्यतीच्या बोटीतलं पेट्रोल इंजिन थोड्या तासांतच उघडावं लागतं, आणि सबुरीनं चालवलेलं सागरी डिझेल ८-१० हजार तास सहज ओलांडतं. मोठ्या कंपन्या एकच इंजिन निरनिराळ्या हॉर्सपॉवरच्या पाट्या लावून विकतात: अखंड कामासाठी कमी, थोडा वेळ जोरात पळायचं असेल तर जास्त. लोखंड तेच. तासाला किती दळायचं, एवढाच फरक.

यावर कुणी म्हणेल, मग मोठंच इंजिन घ्यावं. तीनशे-चारशे हॉर्सपॉवरची चिनी इंजिनं आणून बसवतात, ती त्यासाठीच ना? मोठं इंजिन हलक्या हातानं चालवलं तर खरंच टिकेल. पण ते घेतात शेजाऱ्याच्या पुढे जायला, म्हणजे हात हलका राहत नाहीच. शिवाय आपल्याकडची पुष्कळ इंजिनं मूळची ट्रकच्या घराण्यातली. ट्रकला परशुराम घाट चढून झाला की उतार मिळतो. होडीला समुद्रात उतार नाही, पंखा सतत पाणी ढकलत असतो.

दुसरा आक्षेप रास्त आहे. लवकर बंदरात पोचलो नाही तर भाव पडतो, तेव्हा रेस द्यावीच लागते. मान्य. पण काय देऊन काय मिळवतो ते पाहा. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २,००० फेऱ्यांवरून १,८०० वर आलात, तर ताकद ढोबळमानानं पावपट कमी लागते; वेग मात्र फार तर दहावा हिस्सा घटतो. शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात तासाला वीसेक लिटर पितं. चार तासांच्या परतीला ८० लिटर. थोडी रेस सोडलीत तर अर्धा तास उशीर आणि सुमारे ६५ लिटर. अर्ध्या तासानं भाव खरंच पडत असेल त्या दिवशी द्या रेस, रोज कशाला?

एक कबूल करतो, जात्याचा दाखला इथे लंगडा पडतो. माळ्यावर पडलेलं जातं झिजत नाही. खाऱ्या हवेत उभं इंजिन मात्र गंजतं. पाण्याच्या पंपाचा इंपेलर आणि कूलरमधलं जस्त दुर्लक्षित राहिलं, तर थोडं दळलेलं इंजिनही तापून बसतं. तेव्हा लिटर मोजले म्हणजे बाकीचं सुटलं, असं नव्हे.

तरी पुन्हा सांगतो, डिझेल मोजा! त्याला वेगळी वही नको. डिझेलच्या परताव्यासाठी पावत्या तुम्ही जपताच. मागच्या वेळी लायनर, पिस्टन, रिंगा बदलल्या त्या दिवसापासूनच्या पावत्यांची बेरीज करा आणि त्याआधीच्या खेपेला किती लिटरवर इंजिन खोललं होतं, त्याच्याशी ताडून पाहा. शेजारच्या होडीचा आकडा कामाचा नाही. तिचा तांडेल वेगळा, जाळं वेगळं. बेरीज जवळ आली असेल तर याच दोन महिन्यांत काम काढा. डिसेंबरात भर समुद्रात इंजिन बसलं, तर ओढून आणणाऱ्या होडीचा दिवसही तुमच्या खात्यावर पडतो.

पंख्याचं राहिलंच. पूर्ण रेस देऊनही इंजिन त्याच्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत जात नसेल आणि काळा धूर टाकत असेल, तर दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या झिजेत नसतो. पंखा मोठा बसवलेला असतो, किंवा नोझल, एअर फिल्टर यांत बिघाड असतो. इंजिन खोलण्याआधी पंख्याचं माप मिस्त्र्याला नक्की विचारा.