सरकार कुणाच्या मानगुटीवर?

(युवक शिबिरातलं भाषण)

दोस्तांनो,

मघाशी एका पोरानं विचारलं, सरकारनं आपल्या जगण्यात हात घालावा की घालू नये? प्रश्न झकास आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा मी जोडतो. हात घालायचा तर कुणाच्या मानगुटीवर?

माझा बाप पालिकेत सफाई कामगार होता. नोकरी कायम. पगार, रजा, फंड, म्हातारपणी पेन्शन. मुकादम शिव्या घालायचा, पण 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणायची त्याची टाप नव्हती. त्या पगारावर मी शिकलो. धाकटा भाऊ आज तेच काम करतो. झाडू तोच, घाण तीच. पण तो ठेकेदाराचा माणूस. हजेरीची वही ठेकेदाराच्या काखेत. आजारी पडला की खाडा, तोंड उघडलं की घरी. सरकार मागं हटलं की स्वातंत्र्य येतं, असं शहाणे लोक सांगतात. आमच्या घरात सरकार मागं हटलं आणि ठेकेदार आत घुसला. राखीव जागा सरकारी नोकरीत आहेत, ठेकेदाराच्या वहीत नाहीत. हे खाजगीकरणाचे ढोल बडवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे.

बाबासाहेबांनी १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये या लबाडीवर बोट ठेवलं होतं. सरकारी नियंत्रण काढलं तर मोकळा कोण होतो? जमीनदार खंड वाढवायला मोकळा. भांडवलदार कामाचे तास वाढवायला आणि मजुरी कापायला मोकळा. म्हणून त्यांनी शेती, विमा, मोठे उद्योग सरकारच्या मालकीचे करा म्हटलं. आणि हे संविधानातच लिहा म्हटलं, म्हणजे उद्याच्या बहुमताला ते सहज मोडता येणार नाही. ती मागणी मान्य झाली नाही. आपण तिची किंमत अजून मोजतोय.

मग सरकार म्हणजे मायबाप? मुळीच नाही! सरकारचा हात आपल्या मानगुटीवर पडतो तेव्हा काय होतं, ते पारध्याला विचारा, कैकाड्याला विचारा. १८७१ च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं अख्ख्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारायला सुरुवात केली. पोर जन्माला आलं की गुन्हेगार. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसं कोंडली, हजेरी लावली. तो कायदा १९५२ साली गेला. शिक्का पोलीस ठाण्यातून अजून गेलेला नाही. गावात चोरी झाली की पहिला दांडका पालावरच पडतो. आणि १९७५ ची आणीबाणी आठवा. नियंत्रणाला विचारणारा कुणी उरला नाही की तुरुंग भरतात आणि छापखाने गप्प होतात.

आता तिसरी गोष्ट ऐका, तीच खरी. सरकार आपल्या बाजूनं कागद करतं आणि झोपतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव होता, पाणी नव्हतं! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली तेव्हा त्या कागदाला ओल लागली. मग डोकी फुटली, खटला झाला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

आजही तेच. माणसाकडून मैला उचलून घ्यायला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली दुसरा झाला. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या म्हटलं, २०२३ साली ३० लाख म्हटलं. मरणाचा भाव वाढला, मरण थांबलं नाही.

पण २०१८ विसरू नका. त्याच २० मार्चला, महाडच्या तारखेला, सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. २ एप्रिलला देश बंद झाला. रस्त्यावर माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला ते दात परत बसवावे लागले. ते कुणाच्या दयेनं बसले नाहीत.

तेव्हा दोस्तांनो, 'सरकार हवं की नको' हा पोटभरलेल्यांचा वाद आहे. आपल्याला सरकार हवं ते ठेकेदाराच्या, सावकाराच्या, गावगुंडाच्या मानगुटीवर. आणि त्या सरकारच्या मानगुटीवर आपला हात हवा. दोन्ही एकदम. पहिलं सोडलं तर ठेकेदार खातो, दुसरं सोडलं तर पोलीस खातो.

भाषण संपलं, काम संपलं नाही. उद्या प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या एका ठेक्यावरच्या कामगाराकडं जा. त्याची हजेरी कोण लिहितो, पगार किती मिळतो आणि सही किती पैशांवर घेतात, ते उतरवून आणा. गटारात उतरवत असतील तर कुणाच्या हुकमानं, तेही लिहा. पहिला कागद माझ्या भावाचा असेल. त्याची नोकरी जाईल म्हणून मी आजवर गप्प होतो. आता नाही.

जय भीम!