मनोरुग्णालयात सक्तीने नेलेल्या माणसाचे म्हणणे



पटाचारेची कथा आपण वर्षावासात ऐकतो. पती, दोन मुले, आईवडील, भाऊ एकापाठोपाठ गेले आणि ती भ्रमिष्ट होऊन उघड्या अंगाने फिरू लागली. श्रावस्तीत जेतवनात ती आली तेव्हा लोक तिला अडवू लागले. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले आणि सभेतल्या एकाने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. त्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक नाही. मला मात्र तो वारंवार आठवतो, कारण २०१४ साली आम्ही नेमके उलटे केले.

आमच्या वस्तीतले एक गृहस्थ रात्ररात्र जागून लोकांच्या दारांवर थापा मारू लागले. त्यांच्या भावाने आम्हाला बोलावले. ‘रेशनकार्डाच्या कामाला जाऊ’ असे सांगून आम्ही त्यांना रिक्षात बसवले. त्यांचा दंड धरून मी बसलो होतो. रुग्णालयाचे फाटक दिसताच त्यांनी माझ्याकडे पाहिले. एक शब्द बोलले नाहीत.

अडीच महिन्यांनी ते घरी आले. माझ्याशी बोलायला त्यांना आणखी वर्ष लागले. गोळ्यांनी झोप लागली, डोके शांत झाले, हे ते नाकारत नाहीत. पण पहिल्याच दिवशी डोके भादरले, अंगातला सदरा काढून घेतला, तिथले कपडे दिले. कधी सोडणार हे कोणी सांगेना. घरी जायचे म्हटले तर ‘अजून बरा नाही’, गप्प बसले तर ‘अजून बोलत नाही’! ‘खरे सांगितले असते तर कदाचित आलोही असतो,’ असे ते म्हणाले. आजही कोणी ‘चला, जरा काम आहे’ म्हटले की चपलेत पाय घालण्याआधी ते विचारतात, ‘कुठे?’

त्यांना नेणे चूक होते असे मी म्हणत नाही. त्या दिवसांत त्यांच्या जिवाला धोका होता. फसवून नेणे चूक होते.

१९१२ च्या कायद्याचे नावच ‘लुनसी अ‍ॅक्ट’, म्हणजे वेड्यांचा कायदा. त्याच्या जागी १९८७ चा कायदा १९९३ पासून अमलात आला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ साली. त्यात सक्तीने डोके भादरायला मनाई आहे, रुग्णाला स्वतःचे कपडे घालता येतात, साखळदंडाने बांधता येत नाही. इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. पहिली मुदत ३० दिवसांची. दाखला मान्य नसेल तर रुग्ण स्वतः पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करू शकतो, आणि मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. वकीलही मोफत मिळतो. ‘घरचे न्यायला तयार नाहीत’ एवढ्या कारणावरून कोणाला आत ठेवता येत नाही. कागदावर एवढे आहे. पण आतल्या माणसाला ते सांगतो कोण?

बँकेच्या काउंटरवर मला विचारतात, ‘हा इस्पितळात होता, याची सही चालेल का?’ चालते. सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याशिवाय केवळ मानसिक आजारामुळे कोणी कायद्याने अजाण ठरत नाही. आमच्या साहेबांनाही हे एकदा सांगावे लागले, तो भाग वेगळा.

विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे अक्षर बरे आहे त्यांनी मंडळाकडचा अर्ज कसा लिहायचा ते शिकून घ्यावे. मी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात असतो. ते गृहस्थही येतात.

जयभीम.